खल, भट्टी आणि वजाबाकी : बॅटरीचे नवे पदार्थ कॉम्प्युटरवर कसे शोधतात

बॅटरीसाठी नवा पदार्थ करून बघायचा म्हणजे काम खलापासून सुरू होतं. अगेटचा, आतून काचेसारखा गुळगुळीत खल. त्यात लिथियम कार्बोनेटची पांढरी भुकटी आणि कोबाल्ट ऑक्साइडची काळी भुकटी मोजून घ्यायची आणि तासभर घोटायची. पांढरा ठिपका दिसेनासा झाला की ती पूड दाबयंत्रात दाबून तिची गोळी करायची, मुशीत ठेवायची आणि भट्टीत ८००-९०० अंशांवर रात्रभर भाजायची. एवढ्या उष्णतेत थोडं लिथियम उडून जातं, म्हणून ते आधीच हिशेबापेक्षा जरा जास्त घालावं लागतं. दुसऱ्या दिवशी गोळी फोडायची, पुन्हा घोटायची, पुन्हा भाजायची. मग क्ष-किरणांखाली धरून बघायचं की हवं होतं तेच झालंय का. झालं असेल तर त्यात कार्बन आणि चिकटवणारा पदार्थ मिसळून शाईसारखा लेप करायचा, तो धातूच्या पातळ पत्र्यावर पसरून वाळवायचा, आर्गॉन वायूने भरलेल्या बंद पेटीत हातमोजे घालून बटणाएवढा सेल बांधायचा आणि तो कित्येक दिवस भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा.

एका पदार्थाचा निकाल लागायला असा महिना सहज जातो. आता हिशेब मांडू. वापरता येतील अशी मूलद्रव्यं ८० धरली आणि त्यांतली कोणतीही चार निवडायची म्हटलं, तर जोडण्या होतात १५,८१,५८०. हे फक्त कोणती चार एवढंच झालं. प्रत्येक किती प्रमाणात आणि स्फटिकात कोण कुठे बसणार, हे धरलं तर आकडा कुठच्या कुठे जातो. महिन्याला एक या गतीने नुसत्या पहिल्या आकड्यालाच सव्वा लाखाहून जास्त वर्षं लागतील.

माणसांनी तरीही हा रस्ता चालून पाहिला आहे. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्यासाठी उत्प्रेरक हवा होता, तेव्हा जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश यांच्या गटाने १९१२ पर्यंत सुमारे २,५०० वेगवेगळे पदार्थ घेऊन ६,५०० च्या आसपास चाचण्या केल्या. त्यातून लोखंडावर आधारलेला जो उत्प्रेरक निघाला, त्याच घराण्यातल्या उत्प्रेरकांवर आजही जगाचं युरिया खत उभं आहे. त्या चिकाटीला मी मनापासून हात जोडतो. पण दर वेळी असं कारखानाभर मनुष्यबळ कुठून आणणार? आणि आज हव्या असलेल्या गोष्टींची यादी लांब आहे. कोबाल्ट न लागणारा कॅथोड म्हणजे बॅटरीचं धन टोक, पेट न घेणारा इलेक्ट्रोलाइट म्हणजे दोन टोकांमधून आयन वाहून नेणारा पदार्थ, प्लॅटिनमवाचून पाण्यातून हायड्रोजन काढणारा उत्प्रेरक, शिसं नसलेला सौरघटाचा पदार्थ.

म्हणून प्रश्न असा येतो : भट्टी पेटवण्याआधीच, पदार्थ कसा वागेल हे कळू शकतं का?

तत्त्वतः उत्तर १९२६ पासून आपल्याकडे आहे. इलेक्ट्रॉन कसे वागतात याचं समीकरण श्रोडिंगर यांनी त्या साली मांडलं. पदार्थ कठीण का, रंगीत का, त्यातून वीज वाहते का, यातलं बहुतेक सगळं शेवटी इलेक्ट्रॉनच ठरवतात. तीनच वर्षांनी डिरॅक यांनी लिहून ठेवलं की रसायनशास्त्राला लागणारे मूळ नियम आता पूर्ण माहीत झाले आहेत, अडचण एवढीच की ती समीकरणं सुटण्यापलीकडची अवघड आहेत.

किती अवघड, ते बघण्यासारखं आहे. फोनच्या बॅटरीतला लिथियम कोबाल्ट ऑक्साइड घ्या. एक लिथियम, एक कोबाल्ट, दोन ऑक्सिजन, एवढ्या लहान घोसातही ३ + २७ + १६ म्हणजे ४६ इलेक्ट्रॉन आहेत. प्रत्येकाची जागा सांगायला तीन आकडे लागतात : लांबी, रुंदी, उंची. आणि सगळे एकमेकांना ढकलत असतात, म्हणून एकेकाचा वेगळा विचार करून चालत नाही, सर्वांचा एकत्रच करावा लागतो. प्रत्येक दिशेला फक्त दहा-दहा खुणा केल्या तरी नोंदवायचे आकडे होतात एकावर १३८ शून्यं. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या एकावर ८० शून्यांच्या आसपास मानली जाते. म्हणजे विश्वातल्या प्रत्येक अणूवर एकेक आकडा कोरून ठेवला तरी चार अणूंचा हिशेब मावणार नाही.

यातून वाट काढली वॉल्टर कोन यांनी. मूळचे व्हिएन्नाचे. नाझींच्या तावडीतून सोळाव्या वर्षी इंग्लंडला पोचलेला हा मुलगा, आई-वडील मात्र मागे राहिले आणि छळछावणीत मारले गेले. १९६४ मध्ये होहेनबर्ग यांच्याबरोबर आणि १९६५ मध्ये लू शॅम यांच्याबरोबर कोन यांनी जे दाखवून दिलं ते असं : प्रत्येक इलेक्ट्रॉनची कुंडली मांडायची गरजच नाही. कोणत्या जागी इलेक्ट्रॉनांची किती दाटी आहे, एवढं एक कळलं की पदार्थाची ऊर्जा त्यावरून ठरते. दादरच्या पुलावरचा प्रत्येक माणूस कुठे निघालाय हे विचारत बसण्याऐवजी, पुलाच्या कोणत्या भागात किती गर्दी आहे एवढाच नकाशा काढायचा, तसं. मघाच्याच दहा-दहा खुणा घेतल्या तर आता लागतात फक्त हजार आकडे. एकावर १३८ शून्यांऐवजी हजार! या पद्धतीला डेन्सिटी फंक्शनल थिअरी म्हणतात, बोलताना सगळे डीएफटी म्हणतात. १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी कोन यांना मिळालं. संगणकीय रसायनाच्या पद्धती घडवल्याबद्दल जॉन पोपल त्याचे दुसरे मानकरी होते.

एक गोष्ट लपवून ठेवत नाही. दाटीवरून ऊर्जा काढण्याच्या सूत्रात एक तुकडा असा आहे की तो नेमका कोणालाच माहीत नाही. तिथे अंदाज घालावा लागतो. अंदाज चांगले आहेत, साठ वर्षांत सुधारत आलेत, पण अंदाजच आहेत. पुढे हे लागणार आहे.

तर डीएफटीकडून आपल्याला मिळतो एक आकडा : अणूंच्या अमुक मांडणीची ऊर्जा. पडद्यावर बघताना ते फार साधं दिसतं. मी पुण्यात अशा हिशेबांवर काही वर्षं घालवली. कॉम्प्युटर इलेक्ट्रॉनांच्या दाटीचा आधी एक कच्चा नकाशा धरतो, त्यावरून ऊर्जा काढतो, त्या उत्तरावरून नकाशा सुधारतो, पुन्हा ऊर्जा काढतो. पडद्यावर ओळीमागून ओळ उमटते आणि मागच्या आकड्याशी असलेला फरक आटत जातो. दशांश चिन्हानंतर एक शून्य, मग तीन, मग पाच. आकडा जागेवर बसला की हिशेब संपला. लहान स्फटिक असेल तर काही मिनिटं किंवा तास, पण अणू दुप्पट केले तर वेळ आठपट होतो. म्हणून काही शे अणूंच्या पुढे गाडी अडते.

नुसत्या ऊर्जेच्या आकड्याचं करायचं काय? वजाबाकी. या क्षेत्रातली निम्मी जादू वजाबाकीत आहे.

बॅटरीचा व्होल्टेज बघा. बॅटरी वीज देते तेव्हा लिथियमचा आयन आतून कॅथोडकडे जातो आणि त्याचा इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून, तुमच्या फोनमधून फिरून तिथेच पोचतो. धरणाचं पाणी जेवढ्या उंचीवरून पडेल तेवढा त्याला जोर, तसं लिथियम जेवढ्या ऊर्जेवरून खाली येईल तेवढा व्होल्टेज. ती उंची काढायला तीन हिशेब पुरतात : लिथियम धातूची ऊर्जा, लिथियम काढून घेतलेल्या कोबाल्ट ऑक्साइडची ऊर्जा आणि लिथियम आत असलेल्याची ऊर्जा. पहिल्या दोघांच्या बेरजेतून तिसरी वजा करा. एका लिथियममागे सुमारे ४ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या ऊर्जेचं माप) फरक असेल तर व्होल्टेज सुमारे ४. प्रत्यक्ष मोजलं तर लिथियम कोबाल्ट ऑक्साइड सरासरी ४ व्होल्टच्या आसपासच भरतो. हिशेबाचं उत्तर नेहमीच्या अंदाजाने थोडं कमी येतं, पण दोन पदार्थांत कोण वर कोण खाली, हे चांगलं कळतं. ना खल, ना भट्टी, ना आर्गॉनची पेटी.

१९९८ मध्ये एमआयटीत गेर्ब्रांड सीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वजाबाकीचा जो उपयोग केला, तो मला आजही या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. तेव्हा समजूत अशी होती की लिथियमबरोबर येणारा इलेक्ट्रॉन कोबाल्ट घेतो. हिशेब म्हणाला, त्यातला बराच वाटा ऑक्सिजन घेतो. असं असेल तर कोबाल्टच्या काही जागी ॲल्युमिनियम घातलं तर? ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन स्वीकारत नाही, त्यामुळे तो ऑक्सिजनकडेच ढकलला जाईल आणि व्होल्टेज वाढेल. कोणत्याही बॅटरीवाल्याला हे उलटं वाटलं असतं, कारण ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे मुशीचा पदार्थ, त्यातून वीज वाहत नाही. त्यांनी तो पदार्थ करून बघितला. व्होल्टेज खरोखर वाढला. आधी कागदावर, मग भट्टीत. आणि ॲल्युमिनियम कोबाल्टपेक्षा हलकं आणि स्वस्त.

दुसरी वजाबाकी टिकण्याची. कॉम्प्युटरला कोणतीही मांडणी द्या, तो तिची ऊर्जा काढून देईल. पण असा पदार्थ जगात टिकेल का? एकत्र कुटुंबासारखं समजा. एका चुलीवर सर्वांचा खर्च वेगळ्या चुलींच्या एकूण खर्चापेक्षा कमी असेल तर घर एकत्र राहतं. जास्त असेल तर आज ना उद्या वाटण्या होतात. पदार्थाचंही तसंच. चार मूलद्रव्यांचं नवं संयुग टिकायचं असेल तर त्याची ऊर्जा त्याच मूलद्रव्यांच्या ज्ञात संयुगांत मोडून होणाऱ्या एकूण ऊर्जेपेक्षा कमी हवी. म्हणजे एका पदार्थाचा निवाडा करायला त्याच्या सगळ्या भाऊबंदांची ऊर्जा माहीत पाहिजे. अर्थात खर्च जरा जास्त असूनही वर्षानुवर्षं एकत्र राहणारी घरं असतातच, कारण मधली भिंत घालण्याची खटपट कोणी करत नाही. हिरा असाच आहे. साध्या दाबाला कार्बनचं स्वस्त घर ग्रॅफाइट, तरी अंगठीतला हिरा पेन्सिलीचं शिसं होत नाही.

या भाऊबंदांच्या नोंदवहीसाठीच मटेरियल्स प्रोजेक्ट उभा राहिला. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत क्रिस्टिन पर्सन यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं. ज्ञात आणि संभाव्य पदार्थ एकाच पद्धतीने, एकाच काटेकोरपणे मोजायचे आणि सगळ्या जगाला फुकट खुले करायचे. आज त्यात दीड लाखाहून जास्त पदार्थ आहेत. कोल्हापूरच्या किंवा जळगावच्या एमएस्सीच्या मुलीला तेच पान दिसतं, जे बर्कलीतल्या प्राध्यापकाला दिसतं. माझ्या मते या क्षेत्राने केलेलं हे सर्वांत मोठं काम आहे.

तिसरी गोष्ट हालचालीची, आणि इथे जरा थांबायला हवं. आजच्या बॅटरीतला द्रव इलेक्ट्रोलाइट पेट घेऊ शकतो. त्याच्या जागी घन पदार्थ हवा, पण असा की लिथियम त्यातून द्रवासारखं धावेल. स्फटिकात लिथियमच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात. एका जागेवरून दुसरीवर जाताना मध्ये शेजारच्या अणूंमधून अंग चोरून जावं लागतं, ती चढण. चढण ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टची असेल आणि आपण ०.२ ची शोधून काढली, तर नेहमीच्या तापमानाला लिथियमच्या उड्या वाढतात सुमारे ५० लाख पट. दुप्पट-तिप्पट नव्हे. चढणीतला जरासा फरक आणि दगडाचा रस्ता होतो. ही चढण डीएफटीने काढता येते : लिथियमचा अणू एकेक पायरी सरकवायचा आणि प्रत्येक पायरीला ऊर्जा मोजायची.

२०११ मध्ये जपानमध्ये र्योजी कान्नो यांच्या गटाने लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधक यांचा एक घन पदार्थ जाहीर केला. त्यातून लिथियम द्रव इलेक्ट्रोलाइटच्या तोडीने वाहत होतं, सेंटिमीटरला १२ मिलिसीमेन्स (वहन किती सहज होतं याचं माप). हा शोध प्रयोगशाळेतला, कॉम्प्युटरचा नव्हे. पण जर्मेनियम फार महाग. सीडर यांच्या गटाने प्रश्न विचारला : जर्मेनियम लागतंच का? हिशेबात त्या जागी सिलिकॉन घातलं, कथील घातलं. चढण जवळपास तशीच राहिली. २०१३ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने कथिलाचा पदार्थ करून दाखवला. वहन मूळ पदार्थापेक्षा काहीसं कमी, पण त्याच पंक्तीतलं. आणि २०१६ मध्ये कान्नो यांच्याच गटाने सिलिकॉनचा, थोडं क्लोरीन मिसळलेला पदार्थ केला, तो २५ वर गेला. हिशेबाने एक वाईट बातमीही आधीच दिली होती. लिथियम धातूला भिडला की हा पदार्थ स्वतः टिकत नाही, मोडतो. तो खुलासा २०१२ मध्येच छापून आला होता.

याच धाग्यावर २०१५ मध्ये याहून मोलाची गोष्ट हाती लागली. गंधकाचे अणू काही विशिष्ट पद्धतीने रचलेले असतील, प्रत्येक घनाच्या आठ कोपऱ्यांवर एक आणि मधोमध एक, तर लिथियमला बसायला मिळणाऱ्या जागा सगळ्या एकसारख्या असतात. चार गंधकांच्या मधल्या एका जागेतून थेट तशाच दुसऱ्या जागेत. इतर रचनांमध्ये वाटेत वेगळ्याच तऱ्हेची, सहा शेजाऱ्यांची जागा लागते, आणि तिथून पुढे चढण. एवढं कळल्यावर लाखो पदार्थ एकेक तपासायची गरज राहत नाही. कोणत्या पदार्थांत गंधकाची रचना तशी आहे, एवढं आधी बघायचं. एका पदार्थाच्या शोधापेक्षा असा नियम सापडणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पदार्थ एका बॅटरीत जातो, नियम सगळीकडे जातो.

हायड्रोजनच्या बाजूलाही अशीच एक गोष्ट आहे, ती थोडक्यात. पाण्यातून हायड्रोजन काढायला प्लॅटिनम उत्तम, कारण ते हायड्रोजनच्या अणूला फार घट्टही धरत नाही आणि फार सैलही सोडत नाही. डेन्मार्कमध्ये येन्स नॉर्स्कोव्ह यांच्या गटाने २००५ मध्ये हिशेब करून दाखवलं की मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या पापुद्र्यांच्या कडा हायड्रोजनला जवळपास तशाच धरतात. हे म्हणजे गॅरेजमधल्या काळ्या ग्रीसमध्ये घालतात ते. सपाट भाग निरुपयोगी, फक्त कडा कामाच्या. दोन वर्षांनी प्रयोगाने ते सिद्ध केलं. तेव्हापासून जगभर या पदार्थाच्या जास्तीत जास्त कडा उघड्या पडाव्यात म्हणून धडपड चालू आहे.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. डीएफटीने केलेले लाखो हिशेब साठलेलेच आहेत. ते दाखवून प्रोग्रामला शिकवलं की तो नव्या पदार्थाची ऊर्जा डीएफटी न करताच, क्षणभरात सांगू शकतो. अनुभवी सोनार काटा न लावता हातावर घेऊन वजन सांगतो, तसं. काटा सोडून द्यायचा नाही, पण कशाला काटा लावायचा हे आधी ठरतं. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने असंच केलं. ३ कोटी २० लाखांहून जास्त उमेदवार घेतले, टिकाऊ वाटले ते ५ लाखांच्या आसपास उरले, मग एकेक चाळणी बारीक करत डीएफटीपर्यंत आले आणि शेवटी हातात १८ राहिले. त्यांतला एक पदार्थ करून त्याची चालती बॅटरी बांधली. तो घन इलेक्ट्रोलाइट आहे आणि त्यात लिथियमची जागा बरीचशी सोडियमने घेतली आहे, काही मिश्रणांत ७० टक्क्यांपर्यंत. सोडियम म्हणजे मिठातलं. या पदार्थाचं वहन कान्नो यांच्या पदार्थांच्या जवळपासही नाही. पण कोटींपासून अठरापर्यंत येणं काही दिवसांत झालं, ते खरं.

नोव्हेंबर २०२३ ची बातमी याहून गाजली. गूगलच्या डीपमाइंडने २२ लाख नवे स्फटिक वर्तवले, त्यांतले सुमारे ३ लाख ८० हजार टिकाऊ. त्याच वेळी बर्कलीच्या ए-लॅब या यंत्रमानवांनी चालवलेल्या प्रयोगशाळेने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ पदार्थ आपले आपण बनवल्याचं जाहीर केलं. बातम्यांचे मथळे तुम्हाला आठवत असतील. मग जाणकारांनी बारकाईने बघितलं. अँथनी चीथम आणि राम शेषाद्री यांनी दाखवून दिलं की डीपमाइंडच्या यादीतल्या हजारो संयुगांमध्ये प्रोमेथियम, ॲक्टिनियम यांसारखी दुर्मीळ किरणोत्सारी मूलद्रव्यं आहेत, त्यांचा व्यवहारात कोणालाही उपयोग नाही. लंडनचे रॉबर्ट पॅलग्रेव्ह आणि प्रिन्स्टनच्या लेस्ली शूप यांच्यासह काही संशोधकांनी ए-लॅबचे क्ष-किरण आलेख पुन्हा तपासले आणि निष्कर्ष काढला की त्यांत खऱ्या अर्थाने नवा पदार्थ एकही नाही. बर्कलीच्या गटाला हे मान्य नव्हतं. पण टीकेचा मुख्य मुद्दा समजून घेण्यासारखा आहे.

कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अणूला आरक्षित जागा असते. या जागी जस्त, त्या जागी मॅग्नेशियम. खऱ्या भट्टीत ९०० अंशांवर ही आरक्षणं कोण पाळतो? सारख्या आकाराचे अणू एकमेकांच्या जागी बसतात, सरमिसळ होते. हिशेब साधारणपणे निरपेक्ष शून्य तापमानाला, म्हणजे उणे २७३ अंशांना केलेला असतो, तिथे शिस्तीची मांडणी स्वस्त दिसते आणि तिलाच नवा पदार्थ म्हणून नोंदवलं जातं. प्रत्यक्षात मुशीतून निघतो तो वर्षानुवर्षं माहीत असलेला, सरमिसळ झालेला जुनाच पदार्थ. टीकाकारांच्या मते यशस्वी म्हणून सांगितलेल्या पदार्थांपैकी दोन तृतीयांश असे होते.

म्हणून लाखांच्या आकड्यांना शोध म्हणायला मी तयार नाही. ती यादी आहे. चांगली यादी मोलाची असते, पण जर्मेनियमऐवजी कथील चालेल का, या एका नेमक्या प्रश्नाने जे दिलं, ते लाखांच्या यादीने अजून दिलेलं नाही.

हे मला एका संध्याकाळी कायमचं कळलं. एका कॅथोडसाठी मी मिश्रण सुचवलं होतं. वजाबाकी चोख, व्होल्टेज चांगला, चुलीचा हिशेबही जमत होता. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मित्राकडे आलेख घेऊन गेलो. त्याने तो शांतपणे बघितला आणि विचारलं, “किती अंशाला करू? हवेत की आर्गॉनमध्ये? सुरुवात कोणत्या क्षारांपासून?” माझ्याकडे यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. माझ्या हिशेबात भट्टीच नव्हती. पदार्थ टिकेल हे मी सांगू शकत होतो, तो होईल कसा हे नाही. त्याने तरी तीन वेगवेगळ्या तापमानांना करून बघितलं. तिन्ही वेळा माझा पदार्थ नाही, त्याचे दोन साधे भाऊबंद मिळाले. ते आधी तयार होत आणि तसेच बसून राहत. आज या विषयातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत गरजेचं काम तेच आहे : पदार्थाबरोबर त्याची कृतीही वर्तवायची. कोणत्या क्षारांपासून निघालं तर वाटेत कोणता पदार्थ आधी तयार होतो आणि वाट अडवतो, याचे हिशेब आता होऊ लागले आहेत. ए-लॅबचं खरं काम मला त्यात दिसतं.

दुसरी मर्यादा मघाच्या न कळलेल्या तुकड्याची. सौरघटासाठी पदार्थ प्रकाशाचा कोणता भाग शोषेल हे कळायला एक अंतर काढावं लागतं, त्याला बँड गॅप म्हणतात. सिलिकॉनचं ते अंतर १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. नेहमीच्या वापरातल्या अंदाजाने डीएफटी सांगते सुमारे ०.६. जवळजवळ निम्मं. यावर उपाय आहेत, पण ते कितीतरी पट वेळ खातात. म्हणून कोणीही कॉम्प्युटरचा आकडा सांगितला की कोणत्या अंदाजाने काढला, हे विचारावं.

हे सगळं फार दूरचं नाही. पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर १९९१ मध्ये तयार केला, आज पुण्याच्याच आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर चालतो आणि त्यावर अशा हिशेबांना वेळ मिळतो. पुणे विद्यापीठात डी. जी. कान्हेरे यांच्या गटाने डीएफटीवर कित्येक वर्षं काम केलं. हातावर घेतलं तर वितळणाऱ्या गॅलियमचे मोजक्या अणूंचे अगदी छोटे घोस मात्र त्याहून कितीतरी जास्त तापमानाला वितळतात, असं प्रयोगात दिसलं होतं, त्याचं कारण त्यांच्या हिशेबातून उलगडलं.

सुरुवात करायला मात्र सुपरकॉम्प्युटरही लागत नाही. क्वांटम एस्प्रेसो हा प्रोग्राम फुकट मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. सिलिकॉनचा स्फटिक घ्या, त्याच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्यात दोनच अणू असतात. घनाची बाजू ५.२ अँगस्ट्रॉमपासून (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग) ५.७ पर्यंत थोडी थोडी वाढवत दर वेळी ऊर्जा काढा आणि ते आकडे कागदावर मांडा. बिंदूंची एक वाटी तयार होते. पीबीई नावाचा रोजचा अंदाज घेतला तर वाटीचा तळ ५.४७ च्या आसपास येतो. क्ष-किरणांनी मोजलेली बाजू आहे ५.४३.